डावीकडचा पडदा

४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझ्या त्या धरणावर फोन लागत नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं. लागला असता तर तू नेहमीसारखी "आत्या, ते निळं बटण दाब, ते नाही गं, त्याच्या शेजारचं" असं भराभरा बोलली असतीस, आणि मी निळं बटण शोधेपर्यंत फोन ठेवूनही दिला असतास. पत्र बरं. समोर ठेवते, एक वाक्य वाचते, एक काम करते. तेव्हा सविस्तर लिही, आणि अक्षर जरा माणसांसारखं काढ.

काम असं आहे. आमच्या प्रकाशनाने कागदावरची प्रूफं बंद केली. मोठ्या शब्दकोशाची नवी आवृत्ती निघतेय. पहिलीची प्रूफं मी वाचली, दुसरीची मी वाचली, आणि आता तिसरीच्या वेळी नवा संपादक, तुझ्याच वयाचा असेल, मला विचारतो, "बाई, आता सगळं पडद्यावर. जमेल का?" जमेल का म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "न जमायला काय धाड भरलीय?" तर म्हणाला, आधी नमुन्याची पानं वाचून द्या. पसंत पडली तर अख्खा कोश तुमच्याकडे, नाहीतर बाहेरच्या एका कंपनीला देऊ. तिथे म्हणे खोलीभर पोरं बसून वाचतात.

भिंगरी, हा कोश मला हवा आहे. अगदी हट्टाने हवा आहे. दुसऱ्या कुणी वाचला तर मी ते पुस्तक घरात येऊ देणार नाही.

तर मला एका वेळी तीन गोष्टी डोळ्यांपुढे लागतात. जुनी आवृत्ती, नवं पान, आणि दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर एक उघडलं की दुसरं झाकलं जातं, आणि दुसरं उघडेपर्यंत पहिल्यात काय होतं ते मी विसरते. म्हणून दोन मोठे मॉनिटर आणलेत. खालच्या शिंप्याने ते वर चढवून दिले. लॅपटॉप मध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे, अशी टेबलावर मांडणी झाली आहे. पुढे काय? लॅपटॉपला बुडाशी दोन भोकं आहेत, एक चपटं आणि एक लांबट गोल. केबली ढीगभर आहेत. कुठली कुठे घालू ते सांग.

बाकी सगळं ठीक. मध्यंतरी एकदा सकाळी उठताना घेरी आली, दोन दिवस पडून होते. आता ठणठणीत आहे. तुझ्या बाबाला सांगू नकोस, तो उगाच धावत येतो आणि मलाच त्याच्यासाठी स्वयंपाक करावा लागतो.

तुझी,
आत्या

९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

भोकाला भोक म्हणू नये, पोर्ट म्हणावं. जाऊ दे, तुझं तू भोकच म्हण.

चपटं, कडा थोड्या तिरक्या असलेलं, ते एचडीएमआय. त्याची केबल सरळ उजव्या मॉनिटरला जोड. लांबट गोल ते टाइप-सी. त्यात मेख अशी आहे की सगळ्याच टाइप-सीमधून चित्र जात नाही. काहींतून नुसतं चार्जिंग होतं. केबलचं तोंड छान बसतं, आणि आपण बसतो वाट बघत! तुझ्या लॅपटॉपचं मॉडेल मी ओळखते, मीच निवडलंय, त्यातून चित्र जातं. त्यातून केबल डाव्या मॉनिटरला ने. मग मॉनिटरच्या खालच्या कडेला बटण आहे, ते दाबून आत कुठली केबल घातली आहे ते त्याला सांगावं लागतं. तो आपणहून ओळखेल या भरवशावर राहू नकोस.

दोन्ही उजळले की कीबोर्डवर खिडकीचं चित्र असलेली कळ दाबून ठेव आणि P दाब. यादी येईल. त्यातलं "एक्स्टेंड" निवड. "डुप्लिकेट" निवडू नकोस. निवडशील, मला माहीत आहे, पण निवडू नकोस.

आमच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदे आहेत आणि कुठलाही बंद पडला की आधी मलाच हाक मारतात. तुझे दोन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. नमुन्याची पानं झक्कास होतील, संपादकाला पाणी पाज.

आणि कागदाची ही उधळपट्टी कधीपासून? पानाची डावी बाजू निम्मी कोरी सोडून लिहिलंयस. आलेली पाकिटं उलटी करून त्यावर टिपणं काढणारी तू, आणि आता एकदम श्रीमंती थाट!

घेरीचं काय ते नीट लिही. दोन दिवस पडून राहणं म्हणजे ठणठणीत नव्हे.

तुझी,
भिंगरी

१५ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

"डुप्लिकेट" निवडलं. तू नको म्हणालीस म्हणूनच आधी ते काय असतं ते बघावंसं वाटलं. लॅपटॉपवर जे पान तेच उजवीकडेही. लग्नाच्या अल्बममध्ये एकच फोटो दोनदा चिकटवावा तसं. मग "एक्स्टेंड" केलं आणि काय सांगू, उजवीकडे एकदम मोकळं मैदान! जुनी आवृत्ती तिकडे नेऊन ठेवली, नवं पान मध्ये लॅपटॉपवर. इतकी वर्षं दोन पुस्तकं मांडीवर उघडी धरून मान मोडून घेतली, आणि हे सुख असं टेबलावर बसलं होतं.

पण डावा पडदा काही दाखवत नाही. तुझ्या पत्रातलं एकेक वाक्य केलं. केबल घातली, बटण दाबलं, सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. चिठ्ठ्या तिकडे सरकवल्या की त्या गेल्याच. माऊसचा बाणही डावीकडे गेला की नाहीसा होतो. मग मी माऊस टेबलभर घासत बसते, आणि तो कधीतरी उजवीकडून वर येतो. नाकी नऊ आणलेत मेल्याने.

शेवटी चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि तशीच पानं वाचायला घेतली. पण हे काही खरं नाही. तीन म्हणजे तीन. डावा चालू झाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही, आणि तुलाही बसू देणार नाही. माझ्या मते तुझी ती केबल कुचकामी आहे.

घेरीचं लिहिण्यासारखं काही नाही. वयाची असते तशी होती. खांदा तेवढा ठणकतो, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट रोज लागते. घर आखडलंय की मी फुगलेय, देव जाणे.

आत्या

२० सप्टेंबर

प्रिय आत्या,

केबलला शिव्या देऊ नकोस, आधी तपासू. आमच्याकडे बिघाड शोधायची एक रीत आहे. नवं लागलेलं पोरगंसुद्धा पहिल्या दिवशी हेच शिकतं. संशय येईल ती वस्तू उचलून दुसऱ्या जागी ठेवायची. बिघाड तिच्याबरोबर गेला तर वस्तू खराब. बिघाड जागेवरच राहिला तर वस्तू निर्दोष, मग जे बदललेलं नाही त्याच्याकडे बघायचं.

तर शिंपीकाकांना पुन्हा हाक मार आणि डावा मॉनिटर उजवीकडे, उजवा डावीकडे कर. काय होतं ते बघ. मग केबली एकमेकींच्या जागी घाल. एकाच वेळी दोन्ही बदलू नकोस, नाहीतर कुणाचा दोष ते कळणार नाही.

शिवाय पार्सलने एक छोटा डबा पाठवतेय. त्याला डॉक म्हणतात. त्याची एकच केबल लॅपटॉपच्या टाइप-सीत घालायची, आणि दोन्ही मॉनिटर डब्याला जोडायचे. दोन्ही पडदे एकाच भोकातून चालतील, म्हणजे भोकाचा संशय उरणार नाही. याउपर डावा चालला नाही तर मी नाव बदलीन.

सेटिंगमध्ये पडद्यांचे चौकोन दिसतात ना, तिथे "आयडेंटिफाय" असं बटण आहे. ते दाबलं की प्रत्येक पडद्यावर मोठा आकडा उमटतो. कुठले आकडे दिसतात ते कळव.

तू नुसती लढ. हे यंत्र आहे, आणि यंत्राला कारणाशिवाय बिघडता येत नाही.

भिंगरी

२८ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

नाव बदलायला घे.

मॉनिटर बदलले. जो डावीकडे खोटा होता तो उजवीकडे गेल्यावर लख्ख चालायला लागला, आणि जो उजवीकडे शहाण्यासारखा वागत होता तो डावीकडे येताच बिघडला. केबली बदलल्या, तेच. डबा आला, तोही जोडला, तेच. आकडे दोनच दिसतात, मधला आणि उजवा. शिंपी म्हणाला, "मला तर सगळे चालू दिसतायत." त्याला काय कळतंय, त्याचा सगळा जन्म सुईत दोरा ओवण्यात गेला. हसून वाटेला लावला.

आता खरी मळमळ सांगते. नमुन्याची पानं परत आली. संपादकाने फोन केला, फार गोड बोलला, आणि गोड बोलला तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, "बाई, उजव्या रकान्यात तुम्ही एक चूक सोडलेली नाही. पण डाव्या रकान्यातल्या जवळजवळ सगळ्या राहिल्यात. काही ओळींना तर तुम्ही हातच लावलेला नाही." मी म्हटलं, "राहणारच! माझा डावा पडदा बंद आहे, त्याला मी काय करू?" तर म्हणाला, ऑक्टोबरअखेरीला नवी पानं देतो, एकदा शेवटचं बघू.

शेवटचं! मला! प्रूफवाचनात माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचाय असं मी आजवर मिरवत आले. ती पानं बघून मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण रडून काय होणार. पडदा दुरुस्त केला पाहिजे, बस्स.

एक गंमत मात्र झाली. काल मागची केबल घट्ट करायला म्हणून मी खुर्ची ओढून टेबलाच्या अगदी डाव्या टोकाला नेली आणि तिथे बसले. मान वर करते तो काय, डावा पडदा चालू! चिठ्ठ्या सगळ्या तिथे, ओळीने मांडलेल्या. मी आनंदाने ओरडलेच. खुर्ची परत जागेवर आणली तर पुन्हा गुल. पुन्हा तिकडे गेले, चालू. इकडे आले, बंद. लाजतो की काय मेला? तुझ्या धरणावर असं कधी झालंय?

लवकर लिही. महिना बघता बघता जाईल.

आत्या

३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र चारदा वाचलं. हे लिहायला मला खूप जड जातंय, पण तू आडपडदा न ठेवणारी आहेस, म्हणून मीही ठेवत नाही.

पडदा बिघडलेला नाही. एकही बिघडलेला नाही.

मीच तुला सांगितलं होतं, बिघाड वस्तूबरोबर फिरतो का ते बघ म्हणून. मॉनिटर बदलले, बिघाड फिरला नाही. केबल बदलली, भोक बदललं, डबा आला, तरी तो डावीकडेच राहिला. खुर्ची हलवलीस तेव्हा मात्र गेला. म्हणजे या सगळ्यात एकच गोष्ट आपण तपासली नव्हती. ती तू आहेस गं.

आणि ती नमुन्याची पानं. नवं पान तू मध्ये लॅपटॉपवर ठेवलं होतंस, डाव्या मॉनिटरवर नाही. डावा रकाना तुझ्या अगदी समोरच्या पडद्यावर होता. तरी राहिला. खांद्याला चौकट लागते म्हणतेस, कुठल्या खांद्याला? डाव्याच ना? तुझी तिन्ही पत्रं समोर घेऊन बसलेय. प्रत्येक पान डावीकडे निम्मं कोरं आहे. मी त्यावरून तुला चिडवलं, आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. भिंतभर पडदे सांभाळणारी मी, तुझ्या बाबतीत केबलीपलीकडे बघितलंच नाही.

मी डॉक्टर नाही. पण इथल्या दवाखान्यात विचारलं. ते म्हणाले, अशी घेरी कधी कधी मेंदूतली छोटी गाठ असते, रक्ताची. माणूस दोन दिवसांत उठतो, पण एका बाजूकडे लक्ष जायचं थांबतं, आणि त्याचं त्याला कळतही नाही.

तुला पटणार नाही, म्हणून एक काम दे स्वतःला. शिंपीकाकांकडून हातभर दोरा घे, टेबलावर आडवा ताणून ठेव, आणि मधोमध बोट ठेव. तिथे दुमडून दोन्ही टोकं जुळव. जुळली तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. नाही जुळली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

कोश जाऊ दे, आत्या. दुसरा कुणी वाचेल. मला तू हवी आहेस. मी फार घाबरले आहे.

भिंगरी

८ ऑक्टोबर

भिंगरी,

पडदा दुरुस्त करता येत नाही म्हणून मला बिघडवलंस? शाब्बास!

माझे डोळे उत्तम आहेत. सुईतला दोरा मला दिसतो. समोरच्या इमारतीवरची पाटी मी इथून वाचते. आणि "कोश जाऊ दे" हे कोण म्हणतंय? लहानपणी याच कोशाच्या प्रूफांवर रांगत होतीस तू. दुसरा कुणी वाचेल म्हणे!

डबा परत पाठवतेय. मला तुझ्या रीती नकोत.

आत्या

१३ ऑक्टोबर

आत्या,

डबा ठेवून घे, लागेल.

दोरा ताणलास का?

भिंगरी

२१ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

ताणला.

आठवडाभर रागाने धुमसत होते. मग तुझी ती एक ओळ आली आणि मला तिचाच जास्त राग आला. तिरीमिरीत खाली गेले, शिंप्याच्या कापायच्या टेबलावर त्याच्याच दोऱ्याचा तुकडा ठेवला, आणि म्हटलं, "हे बघा, हा मध्य." बोट ठेवलं. त्याने आपली टेप काढली, दोऱ्याला लावली, आणि हळूच माझं बोट धरून डावीकडे सरकवलं. केवढं सरकवलं म्हणून सांगू! मला वाटलं हा माणूस मला फसवतोय. मग स्वतः दोरा दुमडला. एक टोक कुठल्या कुठे लोंबत राहिलं.

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसले आणि रडले, भिंगरी. पुष्कळ रडले. ज्या बिचाऱ्याला मी हसून वाटेला लावलं होतं, त्याने दुकान बंद केलं आणि मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

तू म्हणालीस तसंच निघालं. त्यांनी एक कागद दिला, त्यावर सगळीकडे रेघा, म्हणाल्या प्रत्येक रेघ खोडा. मी भराभर खोडल्या आणि "झालं" म्हणून कागद परत दिला. त्यांनी तो उलटा करून माझ्या पुढ्यात धरला. निम्म्या रेघा तशाच. मग डोक्याचा फोटो काढला. घेरी आली त्या सकाळी मेंदूत उजवीकडे रक्त अडलं होतं. डोळे ठणठणीत आहेत, पण डावीकडून आलेलं मेंदू दारातच उभं ठेवतो, आत घेत नाही. ताटातलीही डावीकडची भाजी मी रोज तशीच टाकत होते. मला वाटायचं भूक मेली.

औषधं चालू केली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून ती कायमची. बाबालाही मीच कळवलं. अपेक्षेप्रमाणे तो आला, आणि अपेक्षेप्रमाणे मीच स्वयंपाक केला.

मी डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "मी प्रूफ वाचू शकेन का?" त्या म्हणाल्या, "आज नाही. पण मेंदूला डावीकडे वळायची सवय लावता येते. कंटाळवाणं काम आहे, बरेचजण सोडून देतात." मी म्हटलं, "बाई, मी शब्दकोश वाचते. कंटाळवाण्या कामाचं मला सांगू नका."

संपादकालाही फोन करून खरं ते सांगितलं. तुझ्यावर ओरडले ते मागे घेते. "कोश जाऊ दे" एवढं मात्र तू मागे घे.

आत्या

२६ ऑक्टोबर

माझी आत्या,

मागे घेतलं. पत्र वाचून जिवात जीव आला, आणि कंट्रोल रूममध्ये सगळ्यांदेखत रडले. आमचे साहेब विचारायला लागले, कुठला पडदा गेला?

आता मी सगळं ठरवून टाकलंय, तू फक्त कर. डावा मॉनिटर तिथून उचल. दोन्ही मॉनिटर लॅपटॉपच्या उजवीकडे शेजारी शेजारी ठेव. मग सेटिंगमध्ये जा, तिथले चौकोन माऊसने धरून ओढता येतात. टेबलावर जसे पडदे आहेत अगदी तसेच तिथे लाव, म्हणजे बाण भरकटणार नाही. जे वाचायचं ते सगळं उजव्या टोकाला. डावीकडे काही ठेवायचंच नाही, म्हणजे राहायचा प्रश्नच नाही. खुर्ची थोडी डावीकडे घे. तुला त्रास न होता काम होईल.

मला दिवाण, कपाट, चहाचे डबे, सगळंच तुझ्या उजवीकडे आणून ठेवावंसं वाटतंय. पुढच्या महिन्यात सुट्टी मंजूर झालीय. येते, आणि मीच घर लावून देते. नाहीतर सरळ माझ्याकडे चल. इथे क्वार्टर मोठं आहे आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे.

भिंगरी

१९ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

उशीर झाला, पण उगाच नाही झाला.

तुझी मांडणी वाचली. मांडणी म्हणून उत्तम आहे, आणि मी ती केली नाही. तू मायेने सगळं उजवीकडे आणायला निघालीस. पण सगळं उजवीकडे आणलं तर मी डावीकडे कधी बघायचं? डॉक्टरीणबाई तर उलटं सांगतात, जे सगळ्यात गरजेचं असेल ते डावीकडे ठेवा, म्हणजे झक मारत वळावं लागतं.

म्हणून मी असं केलं. लॅपटॉप उजव्या टोकाला सरकवला. दोन्ही मॉनिटर त्याच्या डावीकडे. तुझा डबा मध्ये, दोन्ही केबली त्यात. सेटिंगमध्ये चौकोन ओढून टेबलासारखे लावले. सगळ्यात डाव्या चौकोनाला टिचकी मारून "मेन डिस्प्ले" केलं, म्हणजे नवं पान उघडलं की तिथेच उघडतं. हे सारं कुणालाही न विचारता, तुझी जुनी पत्रं पुढ्यात ठेवून केलं. शिंप्याने लाल फितीचा तुकडा दिला, तो त्या पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चिकटवला. नियम एकच. प्रत्येक ओळीला लाल दिसेपर्यंत मान वळवायची, आणि लाल दिसल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही.

पहिल्या आठवड्यात लाल सापडायचंच नाही. मला वाटायचं पोचले, आणि मी अर्ध्यातच असायचे. मान अवघडली, डोकं भणभणलं, एकदा माऊस भिंतीवर फेकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. रोज बसले. एका सकाळी ओळ संपली आणि मान आपोआप वळली, माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा पुढची ओळ वाचून झाली होती.

मग संपादकाकडे गेले. तो म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण कोशाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "आदर तुमच्यापाशी ठेवा, मला पानं द्या. चुका तुम्हीच पेरा, हव्या तिथे, हव्या तेवढ्या. डावीकडे जास्त पेरा." त्याने खरंच पेरल्या, मनापासून पेरल्या. मी पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ घेतला. काल निकाल लागला. एक राहिली. डावीकडचीच.

मी मान खाली घालून बसले होते. तो म्हणाला, "एक तर माझीही राहते." कोश माझा आहे, भिंगरी! अट एकच, माझ्यानंतर दुसरी एक मुलगी तीच पानं पुन्हा वाचणार. आधी मी फणकारले. मग म्हटलं, वाचू दे. मला काही सापडलं नाही तर तिला सापडेल, आणि पुस्तक नीट निघेल. उद्यापासून "अ".

म्हणून तुझ्याकडे राहायला येत नाही. रागावू नकोस, कामाची बाई आहे मी. तू मात्र ये, सुट्टी वाया घालवू नकोस. घर लावायला येऊ नकोस, ते जसं आहे तसं राहू दे. नुसती ये.

आणि आलीस की, मला पटकन दिसावं म्हणून उजवीकडून येऊ नकोस. डावीकडेच उभी राहा. हाक मारू नकोस, हातही लावू नकोस. जरा वेळ लागेल, तेवढी थांब. मी मान वळवीन.

तुझी,
आत्या